सांगलीत राहून आंतरराष्ट्रीय वित्तीय कायदा कसा शिकावा

या विषयाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या चाळीस-पन्नास पानांत नाणेनिधी, जागतिक बँक, बासल समिती (बँकांच्या भांडवलाचे निकष ठरवणारी), एफएटीएफ (काळ्या पैशाविरुद्धची), आयोस्को (रोखे-बाजार नियामकांची) अशी नावांची रांग लागते. विद्यार्थी ती रांग स्थापनेच्या सालांसह पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पुढे एखाद्या निर्यातदाराचा अडकलेला पैसा समोर आला की नेमके काय वाचायचे तेच उमगत नाही. संस्था शेवटी वाचाव्यात. सुरुवात एका व्यवहारापासून करावी आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक नियमाला दोन प्रश्न विचारावेत: हा कोणाला बांधतो? आणि कशाच्या जोरावर बांधतो?

उत्तरे साधारण चार प्रकारची येतात. पहिला प्रकार तहाचा. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि नाणेनिधीचा करारनामा ठरला. तो देशांना बांधतो, तुम्हा-आम्हाला थेट नाही. भारताने २० ऑगस्ट १९९४ रोजी त्यातल्या आठव्या कलमाची बंधने स्वीकारली, म्हणजे देशाच्या चालू खात्यावरच्या (आयात, प्रवास, शिक्षण अशा नेहमीच्या) परदेशी देण्यांवर निधीच्या संमतीशिवाय निर्बंध घालणार नाही असे मान्य केले. पण हे कलम दाखवून सांगलीतला व्यापारी कोर्टात जाऊ शकत नाही. तहाला देशात बळ मिळण्यासाठी संसदेचा कायदा लागतो आणि तो करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २५३ मध्ये आहे. दुसरा प्रकार या देशी कायद्याचा: फेमा (परकीय चलनाचा कायदा), सेबी कायदा, पीएमएलए (मनी लाँडरिंगविरोधी कायदा). तिसरा प्रकार मानकांचा. बासलचे भांडवलाचे निकष किंवा एफएटीएफच्या ४० शिफारशी स्वतःहून कोणालाच बांधत नाहीत. रिझर्व्ह बँकेने निर्देश काढले किंवा संसदेने कायदा केला की मग त्यांना धार येते. चौथा प्रकार कराराचा. एलसीचे (कागद बरोबर आले की विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या वचनाचे) नियम असलेली यूसीपी ६०० ही पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने छापलेली नियमावली आहे. चेंबर ही खासगी संस्था. तरी तिचे नियम जगभर चालतात, कारण एलसीत ‘हे यूसीपी ६०० ला अधीन आहे’ अशी ओळ असते आणि दोन्ही बाजूंनी ती मान्य केलेली असते.

वहीत चार रकाने पाडा. वाचताना जो नियम भेटेल तो त्याच्या रकान्यात टाका. पहिल्या महिन्यात चुका होतील; एफएटीएफला हमखास तहाच्या रकान्यात टाकले जाईल. चुकलेली नोंद खोडू नका, शेजारी कारण लिहून दुसऱ्या रकान्यात न्या. परीक्षेआधी हीच पाने सर्वांत कामाला येतात.

पाया कोणता लागतो

एलएलबीला या नावाचा स्वतंत्र पेपर असेलच असे नाही. साताऱ्याचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय असो वा सांगलीतले एखादे, प्रवेशाची वाट एमएच-सीईटी लॉ या परीक्षेतून जाते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. विशेष अभ्यास बहुधा एलएलएमला होतो, पण त्याची बांधणी एलएलबीतच करावी लागते. करार कायदा, मालविक्री कायदा, कंपनी कायदा, बँकिंग आणि सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हे पाच विषय उरकून टाकू नका. करार कायद्यात नुकसानभरपाईच्या कराराचे (इंडेम्निटी) कलम १२४ आणि हमीचे कलम १२६ हे इतके पक्के हवे की बँक गॅरंटी आणि एलसी यांतला फरक झोपेतून उठवले तरी सांगता यावा. हमीत बँक मूळ देणेकरी चुकल्यावर पुढे येते. एलसीत बँक पहिल्यापासूनच देणेकरी असते, अट एकच, कागद बरोबर हवेत.

दुसरी उणीव हिशेबाची. बी.कॉम. करून आलेल्यांना ही अडचण नाही, बी.ए.च्या विद्यार्थ्यांना हमखास येते. बँकेच्या ताळेबंदात ठेवी देण्याच्या बाजूला असतात आणि कर्जे मालमत्तेच्या बाजूला, एवढी एक गोष्ट उलटी डोक्यात बसली तर बासलचे एक पानही कळत नाही. पंधरा दिवस द्या. कोणत्याही मोठ्या बँकेचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. ताळेबंद छापून घ्या आणि एकेक ओळ मराठीत लिहून काढा: हे पैसे कोणाचे, कोणाला द्यायचे, केव्हा.

एका एलसीवर पंधरा दिवस

सांगलीत या विषयाची प्रयोगशाळा घराबाहेरच आहे. इथून हळद आणि बेदाणा परदेशी जातो, मिरज-तासगावची द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून युरोपला जातात. ओळखीच्या निर्यातदाराकडे, सीएकडे किंवा कस्टम हाऊस एजंटाकडे जुन्या, पूर्ण झालेल्या एका व्यवहाराचे कागद मागा. नावे, खाते क्रमांक आणि किंमत खोडूनच घ्या. आग्रह तुम्हीच धरा, म्हणजे पुढच्या वेळीही दार उघडे राहील. ताज्या द्राक्षांऐवजी हळदीचा व्यवहार निवडावा. द्राक्षे पुष्कळदा विक्रीनंतर अंतिम भाव ठरेल अशा बोलीवर जातात, तिथे एलसी असेलच असे नाही. हळद टिकाऊ, तिचा सौदा आधी ठरतो.

कागद मिळाले नाहीत तर हे उदाहरण घ्या. २५ किलोच्या ८०० पिशव्या, म्हणजे २० टन पॉलिश केलेले राजापुरी हळकुंड. दर टनाला १,५०० डॉलर, एकूण ३०,००० डॉलर. एलसीत माल चढवण्याची शेवटची तारीख १५ मार्च, मुदत संपण्याची तारीख ५ एप्रिल. माल १२ मार्चला चढला, बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर) तीच तारीख आहे. निर्यातदाराने कागद ४ एप्रिलला बँकेत दिले. पैसे मिळतील का?

बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, कारण ५ एप्रिल उलटलेली नाही. यूसीपीचे कलम १४(सी) पाहा. मूळ वाहतूक-कागद असतील तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत ते सादर करावे लागतात आणि एलसीची मुदतही ओलांडायची नसते. दोन्ही अटी एकाच वेळी लागू. १२ मार्चपासून २१ दिवस २ एप्रिलला भरतात. ४ एप्रिलचे कागद उशिरा आले आणि बँकेला नकार देण्याचा हक्क मिळाला. हळद उत्तम होती, जहाज वेळेवर गेले, याने काही फरक पडत नाही. कलम ५ सांगते की बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही.

आता उदाहरण थोडे फिरवा. समजा २०.४ टन माल गेला. ‘अबाउट’ किंवा ‘ॲप्रॉक्सिमेटली’ हा शब्द परिमाणाला जोडलेला असेल तर कलम ३०(ए) प्रमाणे दहा टक्के कमी-जास्त चालते. तो शब्द नसेल तरी ३०(बी) मध्ये पाच टक्क्यांची सूट आहे, पण एलसीत परिमाण पिशव्यांच्या किंवा नगांच्या संख्येत दिलेले नसावे लागते. आपल्या एलसीत ‘८०० पिशव्या’ लिहिले असेल तर ही सूट गेली. ‘२० टन’ एवढेच असेल तर २०.४ टन चालतात, मात्र रक्कम ३०,००० च्या वर उचलता येत नाही. इनव्हॉइस ३०,६०० डॉलरचे आले तर कलम १८(बी) प्रमाणे बँक ते स्वीकारू शकते, देणार मात्र ३०,००० च. वरचे ६०० निर्यातदाराने खरेदीदाराकडून वेगळे वसूल करायचे.

शब्दांचा नियमही इथेच शिका. इनव्हॉइसमधले मालाचे वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळले पाहिजे. बाकीच्या कागदांत सर्वसाधारण शब्द चालतात, विरोधी नसले म्हणजे झाले. म्हणून बिल ऑफ लेडिंगवर नुसते ‘टर्मरिक’ असले तरी हरकत नाही. इनव्हॉइसवर ‘राजापुरी’ गाळले तर नकाराला निमित्त मिळते.

शेवटी बँकेची बाजू तपासा. कागद आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँकिंग दिवसांत तिने ते पाहायचे असतात. नाकारायचे असतील तर एकाच सूचनेत सगळ्या त्रुटी सांगायच्या, तीही पाचव्या दिवसाच्या अखेरीपर्यंत. सूचना उशिरा गेली किंवा त्रुटी तुकड्यातुकड्यांनी कळवल्या तर कलम १६(एफ) मुळे ‘कागद जुळत नाहीत’ हे म्हणण्याचा हक्कच बँक गमावते. आपला ४ एप्रिलचा निर्यातदार यावर वाचू शकतो. परीक्षेत हा मुद्दा लिहिणारे फार थोडे असतात. निर्यातदाराची चूक सापडली की उत्तर तिथेच थांबते, खरे तर अर्धा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

फसवणुकीचा अपवाद मात्र यूसीपीत सापडणार नाही. तो न्यायालयांनी घडवला. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सचा १९८२ चा युनायटेड सिटी मर्चंट्स खटला वाचा: बिल ऑफ लेडिंगवरची तारीख खोटी होती, पण ती लाभार्थ्याच्या, म्हणजे विक्रेत्याच्या, नकळत तिसऱ्याने घातली होती, म्हणून बँकेला पैसे द्यावे लागले. मग आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स हा बँक गॅरंटीवरचा निकाल जोडून वाचा. करार, त्यावरचे खासगी नियम आणि त्याला अपवाद काढणारे न्यायालय, तिन्ही एका टेबलावर दिसतात.

एक कलम कसे वाचावे

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना खरी दमछाक कायद्याच्या इंग्रजीची होते. त्यावर शब्दकोशाने भागत नाही, वाक्य फोडावे लागते. फेमाचे कलम ८ घ्या. फक्त एकच वाक्य आहे. त्याचे पाच तुकडे पाडा. कोणाला लागू: भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला. केव्हा: परकीय चलन येणे झाले किंवा मिळण्याचा हक्क उत्पन्न झाला की. काय करायचे: ते वसूल करून भारतात आणण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजायचे. किती दिवसांत आणि कशा रीतीने: रिझर्व्ह बँक ठरवील तसे. अपवाद: कायद्यात अन्यत्र वेगळी तरतूद असेल तर.

आता तिसऱ्या तुकड्यावर थांबा. कायदा ‘पैसे आणलेच पाहिजेत’ असे म्हणत नाही. ‘सर्व वाजवी उपाय’ म्हणतो. युरोपातला खरेदीदार बुडाला, निर्यातदाराने नोटिसा पाठवल्या, तिकडे वकील लावला, विमा कंपनीकडे दावा केला, तर त्याचा बचाव याच शब्दांत आहे. हे शब्द वगळून कलमाचा सारांश काढला की बचाव हरवतो.

चौथा तुकडा तुम्हाला कायद्याबाहेर पाठवतो. मुदत कायद्यात नाही, नियमावलीत आहे. २०१५ च्या निर्यात नियमावलीत ती नऊ महिने होती. कोविडच्या काळात, ३१ जुलै २०२० पर्यंतच्या निर्यातीसाठी ती १५ महिने केली गेली, पुढेही बदलली. म्हणून कोणत्याही प्रश्नात आधी माल गेल्याची तारीख पाहा, मग त्या तारखेला लागू असलेली नियमावली शोधा. वरिष्ठांच्या जुन्या नोट्स हातात घेऊन ‘मुदत अमुक महिने’ असे ठोकून दिले की उत्तर चुकते. २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने बँकांसाठीची हजारो जुनी परिपत्रके रद्द करून एकत्रित निर्देश काढले, तेव्हा नोट्समधल्या परिपत्रक-क्रमांकांपैकी कितीतरी आज मृत आहेत. वाचलेल्या प्रत्येक परिपत्रकाच्या डोक्यावर ‘कधी पाहिले’ ही तारीख घाला. कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर, निर्देश रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, बासलची पूर्ण चौकट बीआयएसच्या (बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या) संकेतस्थळावर मोफत आहे. यूसीपी मात्र विकतची आहे. ग्रंथपालांना एक प्रत मागवायला लावा.

दंडाचे कलम १३ याच बैठकीत वाचून टाका: रक्कम मोजता येत असेल तर तिच्या तिपटीपर्यंत दंड, मोजता येत नसेल तर दोन लाख रुपयांपर्यंत. फेमाआधीचा परकीय चलनाचा कायदा, १९७३ चा फेरा, गुन्हेगारी स्वरूपाचा होता. १ जून २००० पासून अमलात आलेला फेमा दिवाणी स्वरूपाचा आहे. हा फरक किती दूरवर जातो ते विजय कारिया विरुद्ध प्रिस्मियन या २०२० च्या निकालात दिसते. फेमाचा भंग झाला एवढ्यावरून परदेशी लवादाचा निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि कायदा चुकवणाऱ्या करारांना मनाई करणाऱ्या फेराच्या कलम ४७ सारखे कलम फेमात नाही याकडे बोट दाखवले. निकाल लांब आहे. तथ्ये एकदा वाचा, मग थेट फेमाच्या परिच्छेदांवर जा, उरलेले नंतर.

बासल समजून घेण्याची वाट

२६ जून १९७४ ला जर्मनीतली हेरस्टाट बँक बंद करण्यात आली. त्या दिवशी तिच्याशी व्यवहार केलेल्या बँकांनी तिला मार्क देऊन टाकले होते. बदल्यात डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते, पण जर्मनीत कामाचा दिवस संपला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अजून सकाळ होती. मार्क गेले, डॉलर आले नाहीत. घड्याळातल्या फरकातून उभ्या राहणाऱ्या या जोखमीला आजही हेरस्टाट जोखीम म्हणतात. त्याच वर्षाच्या अखेरीस बासल समिती स्थापन झाली. तिचे साल असे लक्षात ठेवा; वेगळे पाठ करावे लागत नाही.

१९८८ च्या पहिल्या बासल समझोत्याने जोखीम-भारित मालमत्तेच्या (प्रत्येक कर्जाला त्याच्या धोक्याप्रमाणे वजन देऊन काढलेल्या बेरजेच्या) ८ टक्के भांडवल सांगितले. रिझर्व्ह बँकेने भारतीय वाणिज्य बँकांसाठी ९ टक्के ठेवले, त्यावर २.५ टक्के संवर्धन-राखीव धरून ११.५ टक्के. हिशेब करून पाहा. बँकेने १०० कोटींचे कर्ज दिले आणि त्याचा जोखीमभार १०० टक्के असेल तर साडेअकरा कोटी भांडवल हवे. भार ५० टक्के असेल तर जोखीम-भारित मालमत्ता ५० कोटी, भांडवल पावणेसहा कोटी. केंद्र सरकारच्या रोख्यांना भार शून्य, भांडवल शून्य. विद्यार्थी टक्केवारी थेट कर्जाच्या रकमेवर लावतात, ही नेहमीची चूक.

मग आपल्याच रस्त्यावर या. एकाच चौकात राष्ट्रीयीकृत बँक आणि नागरी सहकारी बँक शेजारी असतात, पण दोघींचे भांडवलाचे नियम एक नाहीत. नागरी बँकांना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये चार स्तरांत विभागले. पहिल्या स्तरासाठी ९ टक्के, वरच्या तिन्हींसाठी १२. सहकारी बँकांनी भरलेल्या या जिल्ह्यात हा विषय शोधनिबंधासाठी अतिशय चांगला आहे: जागतिक मानक इथल्या बँकेपर्यंत येताना कुठे बदलते, आणि का.

शोधनिबंध आणि पुढचे शिक्षण

‘आंतरराष्ट्रीय वित्तीय कायदा: एक अभ्यास’ असा विषय मार्गदर्शकाने मान्य केला तरी घेऊ नका, त्यात सांगण्यासारखे एक वाक्य निघत नाही. विषय असा असावा की उत्तर चूक ठरू शकेल. उदाहरणार्थ: एलसीतल्या कागदांच्या त्रुटींमुळे हळद निर्यातदाराची फेमाखालची जबाबदारी कितपत सैल होते? किंवा, २०२० च्या द्विपक्षीय नेटिंग (देणी-घेणी वजा करून उरलेलीच रक्कम धरण्याच्या) कायद्याने दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीच्या इतर धनकोंचे काय झाले? दुसरा विषय कठीण आहे. इसडा या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांच्या संघटनेचा मास्टर करार आणि २०१६ ची दिवाळखोरी संहिता दोन्ही वाचायची तयारी असेल तरच तो घ्या.

उत्तर लिहिताना आधी व्यवहाराची आकृती काढा: कोण, कोणाला, कोणत्या चलनात, कोणत्या देशाच्या कायद्याखाली. मग नियम, मग तो कोणत्या रकान्यातला, मग लागू करणे. बासलच्या निकषाचा ‘भंग’ झाला असे लिहू नका. भंग रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाचा होतो.

देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएलएमसाठी क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमधला एलएलएम एक वर्षाचा, १८० क्रेडिटचा असतो. लंडनच्या क्वीन मेरीसारख्या विद्यापीठात बँकिंग आणि वित्त कायद्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात येण्याआधीच उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, जातवैधता काढून ठेवा, कारण अर्ज कागदांवाचून अडतात. परदेशी एलएलएमने भारतात वकिली करता येत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त एलएलबी आणि बार परीक्षा लागते. रिझर्व्ह बँक आणि सेबी कायदा विभागासाठी अधिकारी भरतात, तेही डोळ्यांसमोर असू द्या.

परदेशी प्रवेश मिळाला तर फी भरण्याचा दिवस हाही अभ्यासाचाच दिवस धरा. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भराल. त्यात शिक्षणासाठीच्या खर्चाचा संकेतांक एस-०३०५ लिहाल. ती रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेच्या, म्हणजे एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाईल. वडिलांच्या खात्यातून पाठवली तर मर्यादाही त्यांचीच वापरली जाते, पॅनही त्यांचाच लागतो. फॉर्मवर सही करण्याआधी ‘भारतात निवासी’ कोण हे सांगणारे फेमाचे कलम २(व्ही) पुन्हा वाचा. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्याला रिझर्व्ह बँक २००३ च्या परिपत्रकापासून अनिवासी मानत आली आहे. त्यामुळे परदेशी गेल्यावर इथल्या शाखेला कळवून आपले बचत खाते एनआरओ (अनिवासींसाठीचे रुपयातले खाते) करून घ्या.